सांडपाण्यासाठी शैवाल-जिवाणूंची टाकी कशी चालवावी

शैवाल आणि जिवाणू मिळून सांडपाणी शुद्ध करण्याच्या या पद्धतीत पाणी शुद्ध होणे फारसे कठीण नाही. शुद्ध झालेल्या पाण्यातून शैवाल वेगळे करणे कठीण आहे. त्यामुळे तळाशी बसणारे शैवाल वाढवण्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे.

सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो घेऊन शैवाल उजेडात प्राणवायू तयार करते, शिवाय वाढीसाठी पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शोषते, म्हणून पंपाने हवा सोडण्याची गरज बरीच कमी होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात याच देवघेवीवर उथळ तळ्यांची रचना बेतली. अशा तळ्यांची खोली साधारण २० ते ४० सेंटिमीटर असते आणि वल्ह्यांच्या चाकाने त्यातील पाणी संथपणे फिरत ठेवतात.

सुरुवात लहान, उथळ टाकीने करावी. सांडपाणी गाळून निवळू द्यावे, कारण गढूळ पाण्यात उजेड खोलवर पोहोचत नाही. विरजण म्हणून शुद्धीकरण तळ्यातील हिरवे पाणी आणि त्या मानाने थोडा सक्रिय गाळ (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील जिवाणूंनी भरलेला गाळ) घालावा. ढवळणे इतकेच असावे की काही तळाशी साचणार नाही. जोराने ढवळल्यास शैवाल-जिवाणूंचे पुंजके फुटतात.

पाणी गडद हिरवे झाल्यावर रोज सकाळी ढवळणे अर्धा तास थांबवावे, वरचे एक-अष्टमांश पाणी काढावे आणि तेवढेच नवे सांडपाणी भरावे, म्हणजे पाणी टाकीत सरासरी आठ दिवस राहते. सुट्या, तरंगणाऱ्या पेशी वरच्या पाण्याबरोबर निघून जातात आणि बसणारे पुंजके मागे उरतात. ही निवड काही आठवडे चिकाटीने करावी लागते. सुरुवातीला बाहेर पडणारे पाणी हिरवेच दिसेल, त्याने निराश होऊ नये.

विरघळलेला प्राणवायू दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा मोजावा. दुपारचा आकडा नेहमीच सुखावतो. रात्री उजेडाअभावी शैवाल प्राणवायू तयार करत नाही, म्हणून टाकीवर सांडपाण्याचा भार जास्त झाला आहे का, हे पहाटेचा आकडा सांगतो. पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) दुपारी ९च्या वर गेल्यास फॉस्फेटचा साका बसतो, मात्र मुक्त अमोनिया वाढून शैवालालाच बाधतो.

हिरवा रंग एक-दोन दिवसांत अचानक उतरला, तर सूक्ष्मदर्शकाखाली रोटिफर आणि डॅफ्निया हे बारीक जलचर शोधावेत. हे जीव शैवाल फस्त करतात, म्हणून थोडे विरजण वेगळ्या भांड्यात उजेडात जपून ठेवावे. हातमोजे कायम वापरावेत, कारण निवळ दिसणाऱ्या पाण्यातही रोगजंतू असू शकतात.