नर्सरीत सगळ्या थरांतली मुलं: पालकांना सोबत कसं घ्यावं

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित खासगी शाळेत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथेही. या मुलांना वेगळं किंवा वेगळ्या वेळेला बसवायचं नाही, हे केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट आहे. तीन-चार वर्षांची मुलं खेळता खेळता मिसळतात. अडखळतात ती घरं, आणि बहुतेकदा खर्चापाशी नाहीतर वेळेपाशी.

जूनमध्ये वर्ग भरण्याआधी प्रत्येक घराशी पंधरा-वीस मिनिटं स्वतंत्र बोला. मूल घरी कोणाजवळ असतं, न्यायला कोण येणार, दिवसा फोन कोणाकडे असतो, धास्ती कशाची वाटते? सोसायटीतले पालक बहुधा शिव्यांबद्दल आणि इंग्रजीबद्दल विचारतात. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली आई विचारते, ‘पोराला मागं बसवणार का? वरचे पैसे किती लागतील?’ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रुपयांत, लेखी द्या.

पालकसभा सकाळी अकराला ठेवली की धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आया येऊ शकत नाहीत, आणि मग ‘त्यांना आस्थाच नाही’ असा शेरा बसतो. हा सरळ अन्याय आहे. सभा रविवारी संध्याकाळी घ्या, धाकटी भावंडं आणू द्या, सतरंजीवर गोल बसा. निरोप ग्रुपवर लेखी टाकलात तरी बोलूनही पाठवा. सगळ्यांना वाचता येतं असं धरू नका.

डब्याचं वेळापत्रक सगळ्यांना एकच: पोळी-भाजी, पोहे, उसळ. फळाच्या दिवशी केळं आणलं तरी चालेल, हे आवर्जून लिहा. नाहीतर स्ट्रॉबेरी आणि किवीची चढाओढ लागते. वाढदिवसाला केक आणि रिटर्न गिफ्ट बंद, औक्षण आणि एक गोष्ट पुरे. आषाढीच्या दिंडीला भाड्याचा पोशाख मागू नका. भोंडल्याची खिरापत शाळेतच करा: कुरमुरे, डाळं, शेंगदाणे शाळेचे, करायला वेगवेगळ्या घरांतल्या तीन-चार आया-आज्या. हाताला काम असलं की एरवी फाटकापाशी न बोलणाऱ्या बायकाही बोलत्या होतात.

चावण्या-मारण्याची तक्रार आली तर दोन्ही घरांशी त्याच दिवशी वेगवेगळं बोला. मुलाचं नाव ग्रुपवर येऊ देऊ नका.