मुंग्यांचे कारण सापडेपर्यंत

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी अंघोळ करून बाहेर आलो, शहाबादी फरशीवर पाऊल टेकले आणि पायांत मोजे राहिले आहेत की काय, हे पाहण्यासाठी मला खाली वाकावे लागले. मोजे नव्हते. एरवी त्या दिवसांत अंगावर शहारा आणणारी फरशी गार लागत नव्हती, इतकेच. पुढे रात्री तळव्यांची आग होऊ लागली, अधूनमधून घोट्याजवळ सुई टोचल्यासारखी चमक येऊ लागली आणि मी निदानाच्या मागे लागलो. या धडपडीत जे आधी कळले असते तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते, ते येथे सांगतो.

सर्वांत आधी करावयाचे काम म्हणजे नोंद ठेवणे. आपण सगळ्याच प्रकाराला ‘मुंग्या’ म्हणतो. पण झिणझिण्या, बधिरपणा, आग, टोचणी आणि करंट लागल्यासारखी कळ या वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि डॉक्टरांच्या दृष्टीने त्यांचे अर्थही वेगळे आहेत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहीत असे: ‘रात्री ११, दोन्ही तळवे, आग, चादरीचा स्पर्श नको, २ तास.’ अशा तीन आठवड्यांच्या नोंदींवर डॉक्टरांनी जितका वेळ घालवला, तितका माझ्या अर्ध्या तासाच्या कथनावर घालवला नव्हता.

जागा तर फारच बोलकी असते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याचा संभव असतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची तक्रार बहुधा कोपराकडे बोट दाखवते. कोपर दुमडून तासन्‌तास मोबाइल कानाला लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मांडीच्या केवळ बाहेरच्या बाजूला आग होत असेल, तर कधीकधी घट्ट पट्टा हेच कारण निघते. मात्र दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर सरकणारा, मोजा घातल्यासारखा बधिरपणा असेल, तर बहुधा लांब नसांच्या टोकांना इजा होत असते आणि तिचे कारण रक्तात शोधावे लागते.

काही लक्षणांत मात्र नोंदी करत बसू नये. एका बाजूचा चेहरा, हात किंवा पाय अचानक बधिर वा लुळा पडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघांमधला भाग बधिर होणे, अथवा पायांतली ताकद काही तासांत किंवा दिवसांत कमी होत वर चढणे, यांपैकी काहीही झाल्यास थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोम या, प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते अशा आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ आढळले, तेव्हा या शेवटच्या लक्षणाचे गांभीर्य पुणेकरांना चांगलेच कळले.

एवढी घाई नसेल, तर सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासूनच करावी. उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), जीवनसत्त्व बी-१२, थायरॉईड, हिमोग्राम आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या यांतून बरीच सामान्य कारणे कळतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, तर तो संकोच न करता दाखवावा; कुष्ठरोग आजही होतो, औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी रुग्णालयात त्याचे उपचार मोफत मिळतात. चालू असलेल्या सर्व औषधांची यादीही न्यावी. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकते, तर क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमुळे नसांना त्रास होऊ शकतो.

बी-१२ विषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे शाकाहारी घरे पुष्कळ आणि सल्ला देणारे त्याहून पुष्कळ. माझ्या सोसायटीतल्या एका काकांनी तपासणीआधीच ‘पाच इंजेक्शने टोचून घे’ असे सांगितले आणि मी ऐकले. परिणामी रक्तातली पातळी वर गेली आणि मुळात कमतरता होती की नव्हती, हे ठरवणे अवघड झाले. म्हणून रक्त आधी द्यावे, इंजेक्शन नंतर. हिमोग्लोबिन उत्तम आहे म्हणून बी-१२ची कमतरता नाही, असेही समजू नये. पंडुरोग नसतानाही नसांचे नुकसान होऊ शकते. आकडा काठावरचा असेल, तर कमतरता खरी आहे का हे सांगणारे रक्तातले होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासावे का, हे विचारावे. दुसऱ्या टोकाला, बी-६चा मोठा डोस दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच नसा बिघडतात. ‘जीवनसत्त्वच आहे’ म्हणून त्याच्या गोळ्या मनाने चालू ठेवू नयेत.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जावे लागते आणि तेथे बहुधा एनसीव्ही, म्हणजे नसांमधून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी, सांगतात. त्वचेवर पट्ट्या चिकटवून छोटे विजेचे झटके देतात. त्रासदायक वाटले तरी ते सोसण्याजोगे असतात. त्या दिवशी हातापायांना तेल किंवा क्रीम लावू नये, आणि थंडीत दुचाकीवरून गारठलेल्या हातांनी थेट तपासणीला बसू नये, कारण गार अवयवात नसांचा वेग कमी दिसतो.

माझा एनसीव्ही अहवाल निर्दोष आला. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे एका ठिकाणी सांगण्यात आले आणि मी ते जवळजवळ मानलेही. परंतु ही तपासणी जाड नसांची असते. आग, टोचणी आणि थंड-गरम यांची जाणीव वाहून नेणाऱ्या बारीक नसा तिच्यात दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी घोट्याच्या वर सुमारे ३ मिलिमीटर त्वचेचा नमुना घेतात. ही सोय सर्वत्र नसते आणि प्रत्येकाला तिची गरजही नसते, पण ‘बारीक नसांचा विचार झाला आहे का?’ हा प्रश्न शांतपणे जरूर विचारावा.

कारण सापडले नाही तरी वेदनेवर उपचार होतात. नसांच्या वेदनेवरच्या प्रीगॅबालिन या गोळीने सुरुवातीला झोप आणि चक्कर येते, तेव्हा दुचाकी जपून चालवावी आणि गोळी एकदम बंद करू नये. अ‍ॅमिट्रिप्टिलिन मुळात नैराश्यावरचे औषध. तळव्यांच्या आगीसाठी ते कमी मात्रेत देतात. माझ्या पत्नीने मोबाइलवर शोधून ‘म्हणजे डॉक्टरांना तुझे दुखणे मनाचे वाटते का?’ असे विचारले होते. तसे नसते.

बधिर पायांना आपले दुखणे कळत नाही, म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये, अंघोळीचे पाणी कोपराने पाहावे आणि चपलेत पाय घालण्यापूर्वी ती झटकावी. मी रोज रात्री आरसा घेऊन तळवे पाहतो. मागच्या पावसाळ्यात टाचेत रुतलेली काच अशीच दिसली, ती केव्हा रुतली हे मला आजही सांगता येणार नाही.