डिस्क ब्रेकला पाना लावताय? या चुका टाळा

‘ब्रेक ऑइल’ हे नावच घोटाळ्याचं आहे. ऑइल म्हटलं की लोक त्याला इंजिन ऑइलचा चुलतभाऊ समजतात. कुणी रिझर्व्हायर, म्हणजे ब्रेक ऑइलची डबी, कमी दिसली म्हणून हाताशी असलेलं ऑइल ओततो, कुणी कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन रॉकेलने धुतो. आतली रबरी सील फुगतात, पिस्टन अडकतो, मग गाडी ढकलत माझ्या गॅरेजवर. पिस्टन धुवायचा तर ब्रेक क्लीनरने किंवा ताज्या ब्रेक ऑइलनेच. आणि ते टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. पोरं दिसणाऱ्या सामानावर पैसे उडवतात आणि न दिसणारं ऑइल वर्षानुवर्षं तेच ठेवतात.

मागे मे महिन्यात धुळ्याचा एक मुलगा आला. ताकदवान बाईक, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड, स्टीलच्या जाळीचा ब्रेक पाइप, सगळं ऑनलाइन मागवून स्वतः बसवलेलं. पाइप बदलताना आत राहिलेलं जुनं ऑइल तसंच, वर बाटलीतलं थोडं टाकलेलं. ती बाटलीही कधीची उघडी. मी म्हटलं, “यात पाणी मुरलं असेल, सगळं काढून नवं भर भो.” तर म्हणतो, “लिव्हर कडक आहे ना काका! आणि आपल्याकडे एवढं ऊन, त्यात पाणी कुठून शिरेल?”

पुढच्या रविवारी वेरूळहून परतताना कन्नडचा घाट उतरत होता. मागे मित्र, पुढे ट्रकची रांग, गाडी वरच्या गिअरवर आणि बोटं सतत लिव्हरवर. निम्म्या घाटात लिव्हर थेट ग्रिपला टेकला. गिअर पाडत, मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबवली. अर्ध्या तासाने ब्रेक गार झाला आणि लिव्हर पुन्हा कडक! सोमवारी हजर: “काका, पॅड डुप्लिकेट निघाले.”

पॅड चांगलेच होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, रबरी पाइपमधूनसुद्धा. उन्हाळा कितीही कडक असो, चार महिने पावसाळा आपल्याकडेही असतो. डॉट 4 या प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी मुरलं की तीच हमी 155 वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर हवेत. लिव्हर कडक पण गाडी थांबत नाही, तर संशय पॅडवर घ्या. लिव्हर मऊ पडून आत जातो, तर ऑइलवर. रंग बघून पाणी कळत नाही, म्हणून मी तारीख बघतो. दर दोन वर्षांनी सगळं काढायचं. घाटात फिरणाऱ्यांचं मी दरवर्षी काढतो, मग ते कुरकुर करोत. उघडी राहिलेली बाटली फेकतो.

‘5 म्हणजे 4 पेक्षा भारी’ हाही एक समज. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, डॉट 4 मध्ये मिसळत नाही, एबीएसला (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) चालत नाही. तुम्हाला हवं असतं ते डॉट 5.1.

ब्रेक पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे वॉशर दर वेळी नवे. कॅलिपर पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीसच, बेअरिंगचं नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजा. बोटाने चाचपून अंदाज सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

नवे पॅड बसवले की त्याच संध्याकाळी मित्रांना ब्रेक दाखवायची घाई नको. मी सकाळी मोकळ्या रस्त्यावर 50–60 च्या वेगावरून 10–15 पर्यंत, असं आठ-दहा वेळा उतरवतो, मध्ये गार होऊ देतो. पूर्ण थांबून तापलेला ब्रेक दाबून धरत नाही. घाई केली की पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि शिव्या मेकॅनिकला.

राहिली एक चूक, जी मी स्वतः केली आहे. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे लिव्हरचे पहिले काही दाब फुकट जातात. स्टँडवरच दाबून कडक करून घ्यायचा असतो. मी विसरलो आणि ट्रायलला निघालो तो सरळ समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर. रसवाला अजून कुणाचीही ट्रायल निघाली की बाकडं आत ओढून घेतो.