लावणीच्या दिवसात साप: पाण्यातला आणि बांधावरचा

भाताची लावणी सुरू झाली की शहापूर-मुरबाडकडच्या ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो, काळपट जाडजूड साप, तोंड आ वासलेलं, आतून पांढरंफटक आणि खाली "भातखाचरात विषारी पाणसाप, सावधान". अहो तो आपल्याकडे नाहीच! तो अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीतला कॉटनमाऊथ, विषारी खरा, डिवचला की तोंड उघडून कापसासारखा पांढरा जबडा दाखवतो म्हणून हे नाव.

आपल्या खाचरात पाण्यात दिसतो तो बहुतेक वेळा पाणदिवड, कोणी विरोळा म्हणतं. बिनविषारी आहे पण रागीट, मान चपटी करतो म्हणून नाग समजून लोक फावडं घालतात बिचाऱ्याला. चावला तर रक्त बऱ्यापैकी येतं, साबण-पाण्याने धुवा, आणि साप नीट ओळखला नसेल तर सरळ दवाखाना. खाडीकडे, ऐरोली-दिव्याच्या बाजूला, खारफुटीच्या खाजणात खाजण साप असतो, विष सौम्य, माणसाला फारसा धोका नाही. मात्र जाळ्यात वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा साप आला तर तो समुद्री, जहाल विषारी, हात लावायचा नाही.

खरी भीती बांधावर. घोणस, नाग, फुरसं तिथेच, आणि आपली माणसं रात्री मुठे (शेतातले खेकडे) नाहीतर वलगणीचे (पावसाच्या पाण्यात चढून येणारे) मासे धरायला जाऊन बांधाच्या बिळात खुशाल हात घालतात. बॅटरी घ्या, हाताऐवजी काठी घाला. चिखलात गमबूट रुततो, लावताना कोणी घालणार नाही हे मलाही माहितीये, पण बांधावरून जाता-येता आणि गवत कापताना तरी घाला. रोपांच्या मुठी, पेंढा उचलायच्या आधी काठीने हलवून बघा.

मण्यार मात्र रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कळतही नाही, सूज नाही की दुखणं नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि लोक म्हणतात अॅसिडिटी झाली. मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचा.

साप चावलाच तर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. अंगठी, पैंजण काढा, हात-पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, पेशंटला चालवू नका आणि 108 ला फोन करा. स्वतःच्या गाडीने निघालात तर वाटेतच दवाखान्यात फोन करून अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) शिल्लक आहे का विचारा. साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर ठीक, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.