छोटा वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड घेताय? आधी बटणं मोजा

माझा पहिला छोटा कीबोर्ड अकराव्या दिवशी कपाटात गेला. दिसायला देखणा, आवाज गोड, टेबलावर जेमतेम वीतभर जागा घेणारा. फक्त त्याला बाणांची बटणं नव्हती. 'एफएन (Fn) बटण दाबून ठेवा, बाण मिळतील' असं खोक्यावर लिहिलं होतं आणि ते मिळायचेही. पण मी दिवसभर मराठी मजकूर तपासते, आणि मराठीत बाणांवाचून पान हलत नाही, हे मला पैसे मोजल्यावर कळलं.

कारण असं. देवनागरीत कर्सर अक्षराच्या पोटात शिरत नाही. 'क्षितिज' मधला 'क्षि' संगणकाच्या लेखी चार तुकड्यांचा असतो: क, हलन्त, ष आणि वेलांटी. बाणाला मात्र तो एकच घास. वर्डसकट बहुतेक ठिकाणी डिलीट दाबलं की अख्खा 'क्षि' उडतो, आणि बॅकस्पेस दाबलं की मागून एकेक तुकडा गळतो. म्हणजे फक्त वेलांटी बदलायची असेल तर कर्सर बरोब्बर अक्षराच्या पुढे नेऊन बॅकस्पेस मारायचा. हे दिवसातून शेकडो वेळा करायचं असेल आणि प्रत्येक वेळी दोन बोटं गुंतणार असतील, तर संध्याकाळी करंगळी बोलायला लागते.

म्हणून खरेदीची सुरुवात रंगीत दिव्यांपासून करू नका. पुढच्या क्रमाने जा.

एक कागद, एक दिवस

तुमच्या सध्याच्या कीबोर्डशेजारी कागद ठेवा. मधल्या मुख्य भागाबाहेरचं बटण दाबलं की एक रेघ ओढा: बाण, होम, एंड, डिलीट, पेज अप-डाउन, वरची एफ-ओळ (एफ१ ते एफ१२), उजवीकडचे आकडे. संध्याकाळी रेघा मोजा. कोणता आकार घ्यायचा ते हा कागद सांगेल.

पूर्ण कीबोर्डला १०४ बटणं असतात. आकड्यांचा ठोकळा काढला की ८७ उरतात. ७५ टक्के म्हणवणाऱ्यात साधारण ८४ बटणं असतात आणि एफ-ओळ व बाण दोन्ही राहतात. ६५ टक्केवाल्यात ६८च्या आसपास; एफ-ओळ जाते, बाण राहतात. ६० टक्केवाल्यात ६१, आणि बाणही जातात. हे टक्के ढोबळ आहेत, काटेकोर मापं नव्हेत. एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकू: छोट्या कीबोर्डची बटणं लहान नसतात, कमी असतात. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या मध्यापर्यंतचं अंतर मोठ्या कीबोर्डसारखंच, १९ मिलिमीटरच्या आसपास. पूर्ण कीबोर्ड साधारण ४३-४४ सेंटिमीटर रुंद, तर ६५ टक्केवाला ३१-३२. ती वाचलेली जागा माऊसला मिळते आणि उजवा खांदा आत येतो. खरा फायदा हाच.

बाणांशिवायचे कीबोर्ड बनवणारे वेडे नव्हते. जपानच्या पीएफयू कंपनीने १९९६ साली आणलेला 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' हा संगणकशास्त्रज्ञ एइती वादा यांच्या कल्पनेतून आलेला, युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्यांसाठीचा. त्यांच्या एडिटरमध्ये बाणांचं काम साध्या अक्षरांनीच होतं. आपलं काम तसं नाही.

टॅलीवर बसणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे. एफ४ पासून एफ९ पर्यंत व्हाउचरं आणि दिवसभर आकडे, तेव्हा या वाटेला जाऊ नका. हौस असेलच तर ७५ टक्केवाला आणि सोबत आकड्यांचा वेगळा ठोकळा घ्या, आणि तो डाव्या हाताला ठेवून बघा.

मराठी कशी टाइप करता?

रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना कोणताही आकार चालतो. इनस्क्रिप्टवाल्यांनी, म्हणजे थेट देवनागरीच्या सरकारी मांडणीवर टाइप करणाऱ्यांनी, थोडं थांबावं. इनस्क्रिप्टमध्ये ड चौकटी कंसाच्या बटणावर, ट अवतरणाच्या, च अर्धविरामाच्या आणि य तिरक्या रेघेच्या बटणावर असतो. आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसोबत रफार, ज्ञ, त्र, क्ष, श्र बसतात. ही सगळी बटणं ६० टक्केवाल्यातही शाबूत असतात. छोट्या कीबोर्डांवर एस्केपला जागा देण्यासाठी सरकवलं जातं ते डावीकडच्या कोपऱ्यातलं बटण. त्यावर इनस्क्रिप्टने ऱ्हस्व ओची मात्रा ठेवली आहे आणि मराठीला ती लागत नाही. नशीब म्हणायचं. ४० टक्केवाल्यात आकड्यांची ओळच नसते. तो तुमच्यासाठी नाही.

उजवं ऑल्ट आहे का, हे फोटोत बघून घ्या. विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत ₹ चिन्ह उजवं ऑल्ट आणि ४ दाबून येतं, आणि जागा वाचवताना काही कंपन्या नेमकं तेच बटण खातात.

माझा निष्कर्ष: मराठी लिहिणाऱ्याने ६५ किंवा ७५ टक्के यांतच निवड करावी. कीक्रॉनचा के६ किंवा रॉयल क्लजचा आरके६८ पहिल्या गटातले, के२ आणि आरके८४ दुसऱ्या. आरके६१ स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. त्याला बाणांची वेगळी बटणं नाहीत.

स्विच: दहाची नाणी काढा

मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच. जर्मनीच्या चेरी कंपनीने रंगांची जी भाषा रूढ केली, तीच आज गॅटेरॉन, कैल, आउटेमू असे सगळे बोलतात. लाल सरळ खाली जातो. तपकिरी मध्ये हलकासा अडतो. निळा अडतो आणि टिक् असा वाजतो.

दाब किती लागतो तो सेंटिन्यूटनमध्ये (एक म्हणजे जवळपास एका ग्रॅमचा भार) लिहितात: चेरीचा लाल ४५, तपकिरी ५५, निळा ६०. वाचून काही बोध होत नाही, म्हणून मी घरगुती माप काढलं. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. बटणावर सहा नाण्यांची चळत म्हणजे साधारण लाल, सात म्हणजे तपकिरी, आठ म्हणजे निळा. दुकानात नाणी रचायची गरज नाही, पण घरी एकदा तर्जनीवर सहा आणि मग आठ ठेवून बघा. दिवसाला हजारो वेळा दाबायचं तर तो फरक छोटा नाही.

निळ्याचा आवाज कसा असतो? बँकेत किंवा डीटीपीच्या दुकानात काळ्या, जाडजूड टीव्हीएस गोल्ड कीबोर्डची टकटक ऐकली असेल, तर तोच. मला तो आवडतो. घरात दुसरं कुणी झोपलेलं असेल तर तो आवडून उपयोग नाही. व्हिडिओ कॉलवर तर समोरच्याला वाटतं तुम्ही ऐकत नाही, दुसरंच काही टाइप करताय. पहिल्यांदा घेणाऱ्याने तपकिरी घ्यावा. बोट जड असेल, म्हणजे बटण नुसतं टेकलं तरी दाबलं जात असेल, तर लालच्या वाटेला जाऊ नये. 'आाणि' सारखे अपघात वाढतात.

या स्विचचं बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं आणि अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. तळापर्यंत आपटायची गरज नाही. हे बोटांना समजायला आठवडा जातो.

'हॉट-स्वॅप' हा शब्द दिसला तर थोडे पैसे जास्त द्या. म्हणजे स्विच चिमट्याने उपसून दुसरा बसवता येतो, डाग द्यावा (सोल्डरिंग करावं) लागत नाही. पुढे एखादा स्विच बिघडला तर अख्खा कीबोर्ड टाकावा लागणार नाही. सुटे स्विच तीन पायांचे आणि पाच पायांचे असे दोन प्रकारचे मिळतात; आपल्याला कोणते बसतात ते पाहून घ्या.

कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, पीबीटी प्लास्टिकच्या असतील तर उत्तम. एबीएस प्लास्टिकच्या काही महिन्यांत तुपाचा हात लागल्यासारख्या चकाकतात. देवनागरी छापलेल्या कीकॅप शोधत बसू नका. पाठ नसेल तर पारदर्शक स्टिकर लावा, नाहीतर मांडणीचा कागद मॉनिटरखाली चिकटवा.

वायरलेस म्हणजे दोन गोष्टी

एक ब्लूटूथ, दुसरी यूएसबीत खोचायच्या छोट्या डोंगलची २.४ गिगाहर्ट्झ जोडणी. ब्लूटूथला पोर्ट अडत नाही आणि लॅपटॉप, टॅबलेट, फोन अशी बहुधा तीन साधनं लक्षात राहतात. डोंगल जलद, खेळ खेळणाऱ्यांना तोच हवा. लिहिण्यापुरतं ब्लूटूथ पुरतं. काहींत दोन्ही असतं, शिवाय वायर. वायरने चालणारा असायलाच हवा, कारण संगणक सुरू होतानाच्या बायॉसच्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही.

बॅटरीचा आकडा मिलिअँपिअर-तासांत लिहिलेला असतो, ४,००० चांगला. पण दिवे लावले की तोच आकडा दिवसांवर येतो, बंद ठेवले तर आठवडे जातात. मी बंद ठेवते.

विकत घेताना

किंमत साधारण अडीच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली आहेच, पण उघडा ठेवलेला नमुना दाबून बघू देतील तिथेच जा. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवायचा मोह होईल. वायरलेस साधनाला भारतात आयातीसाठी मंजुरी लागते आणि पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं, तेव्हा इथल्या विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या.

उंचीही बघा. अनेक मेकॅनिकल कीबोर्ड लॅपटॉपच्या मानाने बरेच उंच असतात आणि मनगट वर मुडपतं. लाकडाची पट्टी किंवा घट्ट घडी केलेला पंचा मनगटाखाली चालतो. मागचे पाय उघडू नका, त्यांनी मनगट आणखी वाकतं.

पहिल्या संध्याकाळी

आधी चार्ज करा. टाइप-सी पोर्ट असूनही नव्या चार्जरच्या सी-ते-सी केबलने काही स्वस्त कीबोर्ड चार्जच होत नाहीत. खराब निघाला म्हणून परत पाठवण्याआधी सोबत आलेली केबल साध्या, चौकोनी यूएसबीत लावून बघा.

कडेचं सरकतं बटण ब्लूटूथवर आणा. दुसरं विंडोज-मॅकचं असेल तर तेही योग्य जागी आणा, नाहीतर ऑल्ट आणि विंडोजची अदलाबदल झालेली आढळेल. मग बहुतेकांत एफएन आणि १ तीन-चार सेकंद धरून ठेवायचे. दिवा भराभर लुकलुकला की संगणकाच्या ब्लूटूथ यादीत नाव दिसतं. पडद्यावर आकडे आले तर ते नव्या कीबोर्डवरून टाइप करून एंटर. एफएन आणि २ वर टॅबलेट, ३ वर फोन. पुढे नुसतं एफएन-१, एफएन-२ दाबलं की उडी.

मराठीची मांडणी कीबोर्डमध्ये नसते, संगणकात असते. ती तिथे जोडलेली असेल तर नवीन काही करायचं नाही. विंडोजवर विंडोज-स्पेसने भाषा बदलते. हे हाताला पक्कं करा, कारण मूळ इनस्क्रिप्टमध्ये प्रश्नचिन्हाच्या जागी नुक्त्याचा य आहे आणि साध्या प्रश्नचिन्हासाठीही इंग्रजीत जाऊन यावं लागतं.

बटणांची फेरवाटणी

दोन दिवस जसाच्या तसा वापरा, मग बदला. पहिला बळी कॅप्स लॉक. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीतच, तर करंगळीशेजारची इतकी मोक्याची जागा त्याला कशाला? मी तिथे डिलीट बसवलं आहे. मॅकवर कॅप्स लॉकने इंग्रजीत जा-ये करण्याची सोय सेटिंगमध्येच मिळते. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉइज वापरा. कीबोर्ड 'व्हाया' हे बटणं बदलण्याचं सॉफ्टवेअर चालवणारा असेल तर सोन्याहून पिवळं. केबल जोडून क्रोम ब्राउझरमधून बटणं बदलायची, आणि बदल कीबोर्डच्याच पोटात राहतो, मग तो कुठल्याही संगणकाला जोडा.

कुरबुरी

डोंगलवर अक्षरं गळतात? डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात, बाह्य हार्ड डिस्कच्या शेजारी आहे का ते बघा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल लांब आणा.

थोडा वेळ हात लावला नाही की कीबोर्ड झोपतो आणि पहिलं अक्षर खातो. बिघाड नाही. आधी शिफ्ट दाबून जागा करा.

एकच अक्षर दोनदा उमटायला लागलं तर तो स्विच गेला. हॉट-स्वॅप असेल तर क्वचित लागणाऱ्या बटणाखालचा, म्हणजे पेज अपचा वगैरे, स्विच तिथे आणून बसवा. किनारपट्टीच्या दमट हवेत कीबोर्ड उघडा पडू देऊ नका, रात्री कापड टाका.

सहा महिन्यांनी कीकॅप उपसून कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांत धुवा. स्विचला पाणी लागू द्यायचं नाही, तिथे फक्त ब्रश. वाळायला एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन. आणि उपसण्याआधी फोनवर एक फोटो काढा. प्रत्येक ओळीच्या कीकॅपचा उतार सहसा वेगळा असतो. एक वरखाली झाली तर डोळ्यांना कळत नाही, बोट मात्र तिथे रोज अडखळतं.