तोंड वाकडे झाले तर: बेल्स पाल्सीत रात्रीचा डोळा कसा सांभाळावा

सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळते, आरशात पाहावे तर अर्धा चेहरा उतरलेला. घरात कुणीतरी 'वारं लागलं' म्हणते आणि तेल गरम करायला घेते. तेल राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बेल्स पाल्सी म्हणजे हेच: कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात चेहऱ्याची नस सुजून आवळली गेलेली असते. यामागे बहुधा ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू असतो, असे मानतात. सूज उतरवणारे स्टेरॉइड 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवे. स्कॉटलंडमधल्या चाचणीत (2007) ते घेतलेले सुमारे 94 टक्के रुग्ण 9 महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेले 82 टक्के. मधुमेह असेल तर आधीच सांगा, साखर चढते.

तोंड वाकडे असूनही कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडत असतील, हात लुळा पडला असेल किंवा बोलणे जड झाले असेल, तर तो मेंदूचा झटका समजा आणि तडक मोठे रुग्णालय गाठा. कानात फोड आणि ठणका असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ती नागीण असू शकते, तिचे औषध वेगळे.

आता डोळा. त्या बाजूची पापणी नीट मिटत नाही. नस बहुतेकांची सुधारते, पण डोळा उघडा राहून बुबुळ सुकले आणि जखम झाली तर डाग कायमचा राहू शकतो. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब टाका, बाहेर जाताना चष्मा लावा. अवघड असते ती रात्र. 'कापूस ठेवून पट्टी बांधा' हा सल्ला मला मुळीच सहन होत नाही. झोपेत पापणी पट्टीखाली उघडते आणि कापूस रात्रभर बुबुळावर घासत राहतो.

टेप लावायची, पण ती पहाटेपर्यंत सुटते, हीच सगळ्यांची तक्रार. मलाही सुरुवातीला ती टिकवता येत नव्हती. कारण असते डोळा ओला राहावा म्हणून रात्री घालायचे मलम: ते कातडीवर पसरले की टेप चिकटत नाही. म्हणून क्रम पाळा. खालची पापणी ओढून आत साधारण 1 सेंटिमीटर मलम सोडा आणि बोटाच्या मागच्या बाजूने डोळा हलकेच मिटवा. मग बाहेर आलेले मलम मऊ कापडाने टिपा. पापणी आणि गालाचे हाड अगदी कोरडे झाल्याशिवाय टेपला हात लावू नका. अर्धा इंची कागदी टेप घ्या, सकाळी धरायला एक टोक दुमडा. दुसरे टोक वरच्या पापणीवर चिकटवा आणि पापणी खाली धरून टेप तिरकी गालाच्या हाडाकडे न्या. टॉर्चने पाहा: पापण्यांच्या मधे पांढरी रेघ दिसली तर काढून पुन्हा लावा. 'चालेल एवढं' अजिबात चालत नाही. सकाळी कोमट पाण्याने भिजवूनच काढा. डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे.

जेवणानंतर गालात अडकलेला घास काढा, चूळ भरा.

फुगे फुगवू नका, जोर लावून तोंड वेडेवाकडे करू नका. त्याने नको ते स्नायू एकत्र ओढायची सवय लागते आणि पुढे हसताना डोळा मिटू लागतो. हालचाल परतू लागली की आरशासमोर हळू, लहान हालचाली करा, त्याही फिजिओथेरपिस्टकडून शिकून. बहुतेकांना तीन आठवड्यांत फरक जाणवू लागतो. तसा जाणवला नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा, आणि तीन महिन्यांनीही चेहरा पूर्ण सुधारला नसेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.