शहराखालच्या माणसांचा महानायक : नागपूरची कथा लिहिताना या चुका टाळा

शहराच्या पोटात राहणाऱ्या, कोणत्याही नोंदवहीत नाव नसलेल्या माणसांच्या बाजूने उभा राहणारा महानायक ही कल्पना नागपूरच्या तरुण लेखकांना आणि चित्रकारांना वारंवार खुणावते. सुरुवातीची पाने झपाट्याने लिहून होतात. मुखवटा, शक्ती, पहिली हाणामारी, पुलावरची उडी हे सगळे जमून येते, आणि मग कथा अडते. खलनायक कोण हे कळत नाही, खालची माणसे एकसारखी दिसू लागतात, आणि नायकाला पुढे काय करायला लावावे हेच सुचत नाही. या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. लेखकाने नायक आधी रचलेला असतो, जागा कुठून तरी उसनी आणलेली असते, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप आहे ती माणसे सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत बसवलेली असतात. हा क्रम उलटा केला, तर पुढच्या बहुतेक चुका आपोआप कमी होतात.

उसना घेतलेला पाताळ

पहिली चूक जागेची आहे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, न्यूयॉर्कची १९०४ मध्ये. तिथल्या सोडून दिलेल्या बोगद्यांत आणि बंद स्थानकांत माणसे राहतात, असे लिहिले तर वाचक विश्वास ठेवतो. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावू लागली, पण ती खांबांवरून आणि काही भागात जमिनीच्या पातळीवरून धावते, जमिनीखालून नाही. त्यामुळे सीताबर्डीच्या खाली विस्मृतीत गेलेले मेट्रोचे फलाट दाखवले, की नागपूरकर वाचक तिथेच पुस्तक मिटतो. खडकाचाही विचार करावा लागतो. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची आहे; शहराच्या पश्चिमेकडे तोच डेक्कन ट्रॅपचा कातळ पसरलेला आहे आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. अशा जमिनीत एका रात्रीत मैलभर भुयार खोदणारी टोळी शोभत नाही.

भोसलेकालीन भुयारांच्या गोष्टी मात्र जुन्या वस्त्यांमध्ये ऐकायला मिळतात. त्या कथेत जरूर याव्यात, पण एखाद्या आजोबांनी नातवाला सांगितलेली आख्यायिका म्हणून. कथेचा नकाशा त्यांच्यावर बेतू नये. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, हेही नायकाला त्याच्या तळघरात राहायला पाठवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

मग नागपूरच्या खाली आहे तरी काय? स्लॅब टाकून झाकलेले नाले आहेत, रस्त्यांखालच्या मोऱ्या आहेत, जुन्या-नव्या मलवाहिन्या आणि त्यांचे चेंबर आहेत, रेल्वेमार्गाखालचे अंडरपास आहेत, अर्धवट राहिलेल्या इमारतींची तळघरे आहेत. नाग नदी आणि पिवळी नदी शहरातून वाहतात, त्यांच्या पुलांखाली आणि काठच्या भिंतींच्या आडोशाला जागा आहे. उड्डाणपुलांच्या सावलीतली जागा तर नकाशाप्रमाणे जमिनीवर असूनही वरून जाणाऱ्याला कधीच दिसत नाही. माझ्या मते तीही ‘शहराखाली’च धरावी. एवढी सामग्री हाताशी असताना परदेशी बोगदा आणण्याची गरज पडू नये.

माणसे खाली का गेली, याचे उत्तर नसणे

रुमानियातील बुखारेस्ट आणि मंगोलियातील उलानबातर या शहरांत घरे तापवण्यासाठी जमिनीखालून गरम पाण्याच्या नळवाहिन्या टाकलेल्या आहेत. हाडे गोठवणाऱ्या थंडीत बेघर माणसे आणि मुले त्या नळांच्या उबेसाठी खाली उतरली. अमेरिकेतील लास व्हेगासमध्ये माणसे पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या बोगद्यांत राहतात, कारण वर वाळवंटातले ऊन असते आणि खाली सावली. प्रत्येक ठिकाणी कारण त्या हवामानातून आणि त्या शहराच्या बांधणीतून आले आहे. नागपूरच्या कथेतही ते इथूनच यायला हवे, आणि ते लास व्हेगासच्या अधिक जवळचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या झोपडीत दुपारी बसवत नाही, आणि कोरड्या पडलेल्या मोरीत सिमेंटचा गारवा असतो. उन्हाळ्यात खाली जाण्याचे कारण लेखकाला शोधावे लागत नाही, ते आयते मिळते.

परंतु याच कारणाला एक मुदत आहे, आणि बहुतेक लेखक नेमकी तीच विसरतात. मृग लागला की मोरी राहण्याजोगी उरत नाही. त्याआधी पावसाळापूर्व नालेसफाईची यंत्रे येतात आणि सामानसुमान गाळाबरोबर उचलले जाते. म्हणजे नागपूरची भूमिगत वस्ती बारमाही असू शकत नाही. ती ऋतूबरोबर वर-खाली होणारी वस्ती असते. कथा दुसऱ्या भागात अडत असेल, तर वस्तीचे वर्षभराचे वेळापत्रक मांडून पाहावे. होळीनंतर कोण खाली आले, कोणाकडे चूल आहे, पिण्याचे पाणी कुठून येते, जूनमध्ये कोणता पूल कोणाच्या वाट्याला येतो आणि त्यावरून कोणाचे भांडण होते, हे लिहिले की प्रसंग स्वतःहून उभे राहतात आणि वेळेचा दबावही आपोआप तयार होतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या रात्री चांगल्या बांधलेल्या, सुस्थितीतल्या घरांच्या तळमजल्यांवरही माणसे अडकली आणि त्यांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. या विषयावर लिहिणाऱ्याने ही घटना काळजीपूर्वक अभ्यासावी, कारण खलनायकाच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळते. काळ्या कपड्यांतला उद्योगपती खाली बाँब ठेवतो, ही मांडणी झिजून गेली आहे. पाण्याची वाट कोणी अडवली, नाल्यावर स्लॅब टाकण्याचा निर्णय कोणी आणि कशासाठी घेतला, पाणी वाढत असल्याचे खाली झोपणाऱ्याला सर्वांत आधी कळले असूनही त्याचे कोणी का ऐकले नाही, या प्रश्नांतून येणारा विरोधक अधिक खरा असतो. पुराची वर्दी खालून वर जाते आणि वरचे शहर ती ऐकत नाही, एवढ्या एका सूत्रावर संपूर्ण भाग उभा राहू शकतो.

हवेचा हिशेब न ठेवणे

मलवाहिनीत मशाल घेऊन उतरणारा नायक चित्रात देखणा दिसतो, पण तो वाचकाच्या डोक्यात घातक कल्पना रुजवतो. बंद गटारात मिथेन साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगीने स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजणारा माणूस तिथेच कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा उतरतो, आणि अशा दुर्घटनांमध्ये एकाऐवजी तिघांचे प्राण जातात. देशभरातल्या सफाई कामगारांच्या मृत्यूंमध्ये हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो.

माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख रुपये केली. तरीही माणसे उतरवली जातात. विसरलेल्या माणसांची कथा लिहिताना या कामगारांना वगळणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर चूक आहे, कारण शहराखालचे जग सर्वांत जवळून तेच ओळखतात. नायकाची शक्ती ठरवतानाही याच माहितीचा उपयोग होतो. उडणे आणि भिंती फोडणे यांपेक्षा, वास येईनासा झाल्यावरही विषारी हवा ओळखणारी आणि झाकण उघडण्याआधीच ‘थांबा’ म्हणू शकणारी शक्ती इथे अधिक कामाची आहे. त्या शक्तीला मर्यादा असावी. ऐकणारा ठेकेदार नसेल तर तिचा उपयोग शून्य.

एकट्याने तारणारा नायक

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, ती याच शहरात. ज्या शहराला संघटित स्वाभिमानाचा असा वारसा आहे, तिथली गरीब माणसे हात जोडून कोणा मुखवटाधाऱ्याची वाट पाहत बसली आहेत असे दाखवणे हे चुकीचे तर आहेच, शिवाय अपमानकारकही आहे. खाली राहणारा माणूस भंगार वेचतो, प्लास्टिक निवडतो, लग्नसमारंभात भांडी घासतो, बांधकामावर विटा वाहतो. शहराचे किती काम त्याच्या हातून होते हे पानावर दिसले पाहिजे. त्याला नाव, गाव, रागलोभ आणि चुका करण्याची मुभा हवी.

बुक्क्यांनी वस्ती हटवण्याची नोटीस फाडता येते, रद्द करता येत नाही. कथेत हाणामारी संपल्यावर काही उरत नसेल, तर संघर्षाचे हत्यार बदलून पाहावे. पदपथांवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते. पत्त्याचा कागद नसला तरी चालतो, मात्र मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन तो माणूस सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे पाहतो, आणि ही पाहणी एकापेक्षा अधिक रात्री होते. आता कल्पना करा : नोंदणीची शेवटची रात्र आहे, पाऊस चढत आहे, मोरी सोडली तर नोंद जाते आणि न सोडली तर जीव जातो. या रात्री नायकाने काय करावे, हा प्रश्न कोणत्याही राक्षसाशी झालेल्या लढाईपेक्षा वाचकाला अधिक बांधून ठेवील.

बोली आणि वेश

प्रमाण मराठी बोलणारा नायक आणि वऱ्हाडी बोलणारे लाचार गरीब, ही विभागणी टाळावी. ‘कायले बोंबलतं बे, पाणी चढून राह्यलं, पयले लेकरायले वर घे,’ असा हुकूम खालच्या म्हातारीने नायकाला द्यावा आणि त्याने ‘हो मावशी’ म्हणून तो मुकाट्याने पाळावा. नागपूरच्या वस्त्यांत वऱ्हाडीबरोबर हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडीही कानावर पडते, तीही संवादांत यावी.

झगा नको, तो मोरीच्या लोखंडी सळईत अडकतो. वेशासाठी नागपूरकडे स्वतःची परंपरा आहे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. पिवळ्या मारबतीची परंपरा १८८५ पासूनची सांगितली जाते. सोबत बडगे नावाचे इतर पुतळे असतात, आणि रोगराई, इडापिडा घेऊन जाण्याची हाक देत त्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. शहराने बाहेर काढायच्या गोष्टींचे रूप मुद्दाम अंगावर घेणारा नायक, आणि शहराने तसेच बाहेर काढलेली माणसे, यांचा संबंध लेखकाने शांतपणे उलगडावा. फक्त मारबतीला हास्यास्पद करू नये. ती अनेकांच्या श्रद्धेची गोष्ट आहे.

शेवटचा मोठा प्रसंग

हिवाळी अधिवेशनात राज्यभरातून मोर्चे नागपुरात येतात, त्यामुळे खालची माणसे वर येऊन विधानभवनाकडे निघाली हा शेवट अनेकांना सुचतो आणि तो चांगलाही आहे. मात्र २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला, हे ज्याला ठाऊक नाही त्याने हा प्रसंग लिहायला घेऊ नये. सीताबर्डीचा उड्डाणपूल त्या शहिदांच्या नावाचा आहे. गर्दीवरून नायकाने घेतलेली झेप इथे रोमांचक ठरत नाही. गर्दीला वाट मिळवून देणे, लेकरे आणि म्हाताऱ्या कडेला काढणे, बॅरिकेड वेळेवर उघडवून घेणे, हे इथले खरे पराक्रम आहेत.

आणखी एक गोष्ट चित्रकारांसाठी. खऱ्या वस्तीचे निरीक्षण केले असेल, तर चित्रात तिची ओळखता येणारी खूण ठेवू नये. पुलाचा क्रमांक, समोरच्या दुकानाची पाटी, भिंतीवरची जाहिरात बदलावी, चेहरे परवानगीशिवाय उतरवू नयेत, आणि दोन-तीन ठिकाणे एकत्र करून नवी मोरी रचावी. अंक छापून आल्यावर त्या पत्त्यावर सर्वांत आधी कोण पोहोचेल, याचा विचार छपाईआधीच करावा लागतो.